दुसरी बरणी



सर आम्हाला विकृतिशास्त्र शिकवत. विभागाच्या संग्रहालयात खिडकीजवळच्या फळीवर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली दोन हृदयं होती, दोन बरण्यांत, शेजारी शेजारी. पहिल्या हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला बोटाच्या पेराएवढी चीर होती. दुसऱ्याला जवळजवळ तेवढंच भोक होतं, पण त्या भोकाच्या बाहेर मोसंब्याएवढी एक पिशवी लागलेली होती. सर दोन्ही बरण्या टेबलावर आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "हा पहिला माणूस सकाळी संडासला जायला उठला आणि दारातच पडला. हा दुसरा अकरा महिने जगला. त्यातले सहा महिने गल्ल्यावर बसून त्याने दुकान चालवलं. भिंत दोघांचीही फुटली. मग फरक कशाचा?"

आम्ही भोकाचं माप सांगायचो, वय सांगायचो, रक्तदाब सांगायचो. सर मान हलवायचे. "भोकाकडे काय बघता? भोकाच्या बाहेर बघा."

पुढे मी हृदयरोगतज्ज्ञ झालो. गेली अनेक वर्षं माझं काम कॅथ लॅबमध्ये आहे. त्या दुसऱ्या बरणीतल्या आजाराचा रुग्ण समोर येतो तेव्हा सरांचं ते वाक्य मला अक्षरशः उपयोगी पडतं. म्हणून आज त्याच आजाराबद्दल बोलतो. हृदयाची भिंत फुटते, पण रक्त बाहेर सांडत नाही. ते कोंडलं जातं. असं कोंडलेलं भगदाड छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून आत जाऊन बुजवता येतं का, आणि कधी येतं?

आधी भिंत फुटते कशी ते पाहू. खालचा डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो. त्याची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाडीची, निव्वळ स्नायूची. दिवसातून लाखभर वेळा तो आकुंचन पावतो आणि प्रत्येक वेळी आतला दाब पाऱ्याच्या 120 मिलिमीटरपर्यंत चढतो. हृदयाला रक्त देणारी रक्तवाहिनी बंद पडली की तिच्या वाट्याचा स्नायू मरतो. यालाच आपण अटॅक म्हणतो. मेलेला स्नायू लगेच फुटत नाही. शरीर तो साफ करायला घेतं: आधी एका जातीच्या पांढऱ्या पेशी येतात, मग दुसऱ्या जातीच्या, आणि मेलेलं मांस विरघळवून उचलून नेतात. नवा चिवट व्रण तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. जुनं काढलेलं आणि नवं अजून न आलेलं, अशी एक मधली वेळ असते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास भिंत सर्वांत मऊ असते. दाब मात्र तोच. वय जास्त असेल, रक्तदाब चढा असेल, अटॅक पहिलाच असेल, रुग्ण स्त्री असेल, तर धोका वाढतो. आणि उपचाराला उशीर झाला असेल तर फारच वाढतो. बंद रक्तवाहिनी वेळेत उघडण्याची सोय झाल्यापासून भिंत फुटण्याचं प्रमाण पुष्कळ खाली आलं आहे. हे यश मोठं आहे, पण ते दवाखान्यात वेळेवर पोचलेल्यांच्याच वाट्याला येतं.

हा आजार नवा नाही. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वीने 1649 साली छापलेल्या एका पत्रात एका सरदाराची हकीकत दिली आहे. वरचेवर छातीत दुखून शेवटी तो गेला, आणि शव उघडल्यावर डाव्या कप्प्याच्या भिंतीला बोट जाईल एवढं भोक सापडलं. 25 ऑक्टोबर 1760 रोजी इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज केन्सिंग्टनच्या राजवाड्यात सकाळी शौचाला गेला आणि तिथेच कोसळला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केलं. त्यांना हृदयाभोवतीची पिशवी अर्धा लिटरच्या आसपास गोठलेल्या रक्ताने गच्च भरलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत फुटलेली दिसली. सरांच्या पहिल्या बरणीतल्या माणसाचा आणि या राजाचा शेवट जवळजवळ एकाच जागी झाला. कुंथताना दाब वाढतो, आणि कमजोर जागेला तेवढं निमित्त पुरतं.

आता सर म्हणायचे तसं भोकाच्या बाहेर बघू. हृदय एका पिशवीत बसलेलं असतं. तिला आपण हृदयावरण म्हणतो. पातळ, पण चिवट. सहज ताणली न जाणारी. तिच्यात एरवी दोन-चार चमचे द्रव असतो. द्रव हळूहळू, महिनोन् महिने साठला तर ही पिशवी लिटरभरही सामावून घेते. पण भिंत फुटून दीडदोनशे मिलिलिटर रक्त एकदम आलं, तर तिला पसरायला सवड मिळत नाही. मग बाहेरून रक्ताचाच दाब हृदयावर पडतो आणि कप्पे भरेनासे होतात. पडद्यावर ई.सी.जी.ची रेषा नीट चालू दिसते आणि मनगटाला नाडी लागत नाही. निवासी डॉक्टर असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं. मी पडद्याकडे बघत होतो आणि सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, हात लावून बघा." ती रेषा आणि तो गार हात, दोन्ही मला अजून आठवतात.

दुसऱ्या बरणीत मात्र भोकाच्या जागी हृदयावरण आधीच भिंतीला चिकटलेलं होतं. आधी कधी सूज येऊन गेली असेल, छातीचं ऑपरेशन झालं असेल, किंवा भिंत इतकी हळूहळू झिरपली असेल की गुठळी धरायला वेळ मिळाला असेल. रक्त बाहेर आलं ते या चिकटलेल्या जागेत अडलं, गोठलं, आणि त्याभोवती व्रणाचं कवच झालं. याला वैद्यकात स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. सर 'खोटा फुगवटा' म्हणत. खऱ्या फुगवट्यात भिंतच पातळ होऊन पसरते. तिथे तोंड रुंद असतं आणि कवचात हृदयाचा स्नायू किंवा त्याचा व्रण असतो. खोट्या फुगवट्याचं तोंड अरुंद, पोट मोठं, आणि कवचात स्नायूचा एक धागाही नाही. गुठळी आणि व्रण, बस.

1961 साली पानशेत धरण फुटलं तेव्हा सर पुण्यात शिकत होते. धरणाला धोका आहे हे कळल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. 12 जुलैच्या सकाळी धरण गेलंच. सर वर्गात म्हणायचे, "पोत्यांनी धरण वाचलं नाही. पण जे पाणी झोपेत आलं असतं ते दिवसाउजेडी आलं. खोटा फुगवटा म्हणजे ती पोती."

पोती किती काळ टिकतील? उपचार न केलेल्या खोट्या फुगवट्यांपैकी सुमारे 30 ते 45 टक्के फुटतात, असं वैद्यकीय ग्रंथांत सांगितलं जातं. 1998 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तोवर नोंदलेल्या 290 रुग्णांचा आढावा घेतला. त्यात निम्म्याहून अधिक अटॅकनंतरचे होते, एकतृतीयांश हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे, उरलेले मार लागून किंवा जंतुसंसर्गाने झालेले. शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 23 टक्के दगावले, न केलेल्यांपैकी 48 टक्के. हे आकडे जपून वाचले पाहिजेत, कारण ज्यांची शस्त्रक्रिया झाली नाही त्यांतले बरेच जण मुळातच अधिक आजारी असणार. तरी दिशा स्पष्ट आहे. यामागे पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. फुगा फुंकताना सुरुवात जड जाते, मोठा झाला की सोपं जातं. आतला दाब तोच असला तरी पोट जितकं मोठं तितका कवचावरचा ताण जास्त. म्हणजे पिशवी वाढली की आणखी वाढणं तिला सोपं होत जातं.

आता एका काकांची गोष्ट सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय साठीच्या पुढे, शेती बागायती, अकरा वर्षांपूर्वी बायपास झालेली. एका रात्री छातीत दुखलं. "बायपास झालीय म्हटल्यावर हार्टचं काही नसणार, पित्त असेल," असं समजून ते सोडा पिऊन झोपले. ही समजूत मी इतक्या घरांत ऐकली आहे की बायपास झालेल्या प्रत्येकाला घरी पाठवताना मी ती मुद्दाम खोडून काढतो. बायपास म्हणजे नवी वाट. जुना रोग तसाच असतो आणि नवी वाटही बंद पडू शकते.

दोन महिन्यांनी ते दम लागतो म्हणून आले. छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाज ठोक्याबरोबर येत होता आणि ठोक्यानंतरही, आत-बाहेर, करवतीसारखा. टू-डी इको केली. हृदयाच्या मागच्या-खालच्या बाजूला एक काळी पोकळी दिसली. ठोक्याबरोबर रक्त तिच्यात शिरत होतं आणि हृदय सैल पडलं की परत येत होतं. तोंड बोटभर, पोट मुठीएवढं. मला एकदम फॉर्मॅलिनचा वास आला.

काकांना वाचवलं होतं त्यांच्या जुन्या बायपासनेच. त्या ऑपरेशननंतर हृदयाभोवती सगळं चिकटलं होतं, म्हणून भिंत फुटूनही रक्ताला पसरायला जागा राहिली नव्हती. आणि त्याच चिकटण्यामुळे पुन्हा छाती उघडणं अवघड झालं होतं. छातीच्या हाडामागेच बायपासची चालू नस, मूत्रपिंडं थकलेली, हृदयाची ताकद निम्म्यावर. आमच्या शल्यचिकित्सकांनी सी.टी. स्कॅन दोनदा पाहिला आणि म्हणाले, "मी करीन, पण तुमच्याकडे दुसरी वाट असेल तर आधी ती बघा."

ही दुसरी वाट कशी तयार झाली ते थोडक्यात सांगतो. 1896 साली फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन यांनी सुरीचा वार झालेल्या एका 22 वर्षांच्या माळ्याच्या हृदयाला रेशमाचे तीन टाके घातले आणि तो जगला. हृदयाला हात लावता येत नाही, ही तोवरची ठाम समजूत. 1929 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डेच्या रुग्णालयात पंचविशीतल्या वेर्नर फोर्समान यांनी मूत्रमार्गासाठी वापरायची नळी स्वतःच्या दंडाच्या शिरेतून 65 सेंटिमीटर आत सारली आणि नळीसकट पायऱ्या उतरून ते एक्स-रे काढायला गेले. वरिष्ठांची परवानगी नव्हती. साधनांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या परिचारिकेला वाटलं प्रयोग आपल्यावरच होणार. त्यांना टेबलाला बांधून फोर्समाननी नळी स्वतःला घातली. सत्तावीस वर्षांनी, 1956 मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मी दररोज ज्या वाटेने हृदयात जातो, तिचे पहिले वाटसरू ते.

मुंबईचीही एक आठवण इथे सांगायला हवी. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी 1960च्या दशकात हृदयाच्या भिंतीला मुद्दाम सुईने भोकं पाडण्याचा प्रयोग केला. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत झिरपतं, तसं माणसात घडवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. उपचार म्हणून ते टिकलं नाही. पण जिवंत भिंतीला टोचूनही ती सावरते, हे धैर्याने तपासणारी माणसं आपल्याकडेही होती. आज काही रुग्णांत खोट्या फुगवट्यापर्यंत पोचायला बरगड्यांमधून थेट हृदयाच्या टोकालाच सुई घालावी लागते. त्या वेळी मला डॉ. सेन आठवतात.

वाट झाली, पण बुजवायचं कशाने? उत्तर एका धातूने दिलं. निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू 1960च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत हाती आला. त्याचं नाव निटिनॉल. तो चोळामोळा करा, नळीत कोंबा, बाहेर पडला की आपला मूळ आकार धरतो. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि मिनेसोटात काम केलेले क्ष-किरणतज्ज्ञ कुर्ट अँप्लाट्झ यांनी त्याच्या बारीक तारा विणून दोन चकत्या आणि मध्ये कंबर असं एक उपकरण केलं. जन्मतः हृदयाच्या पडद्याला भोक असलेल्या मुलांसाठी ते होतं. आपल्याकडे लोक त्याला 'छत्री' म्हणतात. एक चकती पडद्याच्या अलीकडे, एक पलीकडे, कंबर भोकात. 2001 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. 2004 साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी अशाच तऱ्हेने डाव्या कप्प्याचा खोटा फुगवटा बंद केल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हापासून जगभर असे रुग्ण एकेक करून नोंदले जात आहेत. संख्या अजून लहान आहे, आणि शस्त्रक्रिया व छत्री यांची समोरासमोर तुलना करावी इतकी ती कधी होईल असं मला वाटत नाही.

हे उपकरण या कामासाठी बनलेलं नाही. पडद्याच्या भोकाला दोन्ही बाजूंनी भक्कम कप्पा असतो. इथे एका बाजूला स्नायू आणि दुसऱ्या बाजूला पोती. बाहेरची चकती त्या पोत्यांच्या आतच उघडायची. मी हे काकांना आणि काकूंना मराठीत, याच शब्दांत सांगितलं. काकूंनी विचारलं, "छाती उघडायची नाही म्हणजे धोका नाही ना?" मी म्हटलं, "काकू, कापायचं कमी आहे. धोका आहेच." बिनटाक्याची, दुसऱ्या दिवशी घरी, अशा जाहिराती वाचून लोकांच्या मनात जे तयार होतं, ते पुसायला मला हल्ली आजार समजावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

छेद लहान असला की बघण्याचं काम वाढतं. शल्यचिकित्सक भोकात बोट घालून पाहू शकतात. आम्हाला ते आधीच, चित्रावरून, ओळखावं लागतं. काकांच्या सी.टी.वर आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. तोंड गोल नव्हतं, लांबट होतं. आणि ठोक्यागणिक त्याचं माप बदलत होतं. झडपेला धरून ठेवणारे स्नायू किती दूर आहेत, बायपासच्या नसेवर चकतीचा दाब येईल का, पिशवीतली गुठळी जुनी-घट्ट आहे की नवी-लोंबती? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सैल गुठळीला वायरचा धक्का लागून ती कप्प्यात परत आली, तर पुढच्याच ठोक्याला मेंदूकडे जाऊ शकते. काकांची गुठळी थरावर थर बसलेली, घट्ट होती. तशी नसती तर मी नकार दिला असता.

प्रत्यक्ष दिवशी भूल देऊन अन्ननलिकेतून इकोची नळी घातली. उजव्या जांघेत बॉलपेनच्या रिफिलएवढी नळी. महाधमनीतून वर, झडपेतून उलट्या दिशेने डाव्या कप्प्यात, तिथून मऊ टोकाची वायर भोकातून पिशवीत. मूत्रपिंडांसाठी डाय अगदी थोडा वापरला. बहुतेक काम इकोवर. इको करणाऱ्या आमच्या मॅडम मध्येच म्हणाल्या, "सर, थांबा. टोक कवचाला टेकलंय." मी हात काढूनच घेतला. पुढचं अर्धं मिनिट कोणी बोललं नाही. वायर मागे घेतली, तिला वळण देऊन पिशवीच्या मधोमध आणली. मग नळी, मग छत्री. बाहेरची चकती पिशवीत उघडली, हळूच मागे ओढून भिंतीला टेकवली; मग कंबर, मग कप्प्यातली चकती. छत्री केबलच्या टोकाला स्क्रूने बसवलेली असते. सोडण्याआधी ओढून बघायचं, ढकलून बघायचं, झडप नीट मिटते का पाहायचं, ई.सी.जी. बघायचा. त्या वेळेपर्यंत ती परत नळीत घेता येते. स्क्रू उलटा फिरवला की नाही.

फिरवला. छत्री राहिली. जाळीतून थोडं रक्त अजून जात होतं. ते लगेच थांबत नाही. जाळीत कापड शिवलेलं असतं, त्यावर रक्त धरतं, पुढे काही महिन्यांत पेशींचं अस्तर येतं. तीन महिन्यांच्या सी.टी.त पिशवी गोठून आक्रसली होती.

हे एवढ्यावर सोडलं तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. त्याच वर्षी एक मावशी आल्या. पहिलाच अटॅक, घरीच तीन दिवस गेले होते. पाचव्या दिवशी रक्तदाब पडला. इकोवर हृदयाभोवती ताजं रक्त आणि गुठळी. त्यांच्या मुलाने काकांबद्दल ऐकलं होतं. "डॉक्टर, ती छत्री लावता येणार नाही का?" नाही. त्या दिवसांत भोकाच्या कडा भिजलेल्या पापडासारख्या असतात. चकती टेकवली की भोक मोठंच होईल. काकांच्या भोकाला दोन महिन्यांची, व्रणाची, टणक कड होती. छत्रीला धरायला तीच लागते. मावशींना तातडीने शस्त्रक्रियेला नेलं. शल्यचिकित्सकांनी पट्टी लावली, कडा टाके धरत नव्हत्या, तरी त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. मावशी वाचल्या नाहीत. त्यांच्या मुलाला नाही म्हणताना माझ्याकडे उत्तर होतं, पण दिलासा नव्हता. आजही तरुण, धडधाकट रुग्णाचा खोटा फुगवटा असेल तर मी त्याला शल्यचिकित्सकाकडेच पाठवतो. नजरेसमोर, हाताने, भक्कम पट्टी लावून भिंत नीट करण्याला अजून तोड नाही.

काकांची सी.टी. घेऊन मी सरांकडे गेलो होतो. तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दृष्टी मंदावली होती. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आधीची आणि नंतरची चित्रं पुन्हा पुन्हा मागेपुढे करायला लावली. छत्री चांदीच्या बटणासारखी चकाकत होती. मी तीच दाखवत होतो. सरांनी माझा हात बाजूला केला आणि बोट छत्रीच्या पलीकडे, त्या आक्रसलेल्या पिशवीवर ठेवलं. "हिच्यात आता काय असेल?" मी म्हटलं, "जुनी गुठळी. हळूहळू व्रण." ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हा माणूस सध्या काय करतो?" मी सांगितलं, "या वर्षी ऊस लावलाय."